मामा तलावांचा उथळ काठ : हिवाळी पक्षी आणि चतुर

१९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात भातशेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव 'मामा तलाव' म्हणून परिचित आहेत. हिवाळ्यात उत्तर आशियातून येणारी तलवार बदके व थापट्या यांसारखे पक्षी अशा जलाशयांवर उतरतात. प्रस्तुत लेखात त्यांचा तलावाच्या काठाशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

ही बदके खोल पाण्यात बुडी मारून नव्हे, तर प्रामुख्याने उथळ पाण्यातून बिया, पाणवनस्पती व जलकीटक टिपतात. त्याच वनस्पतींत चतुर व टाचण्यांच्या अनेक जाती अंडी घालतात. त्यांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. म्हणजेच पक्षी आणि कीटक या दोहोंचा आधार उथळ काठ हाच होय.

गाळ उपसणे सिंचनासाठी आवश्यकच आहे. परंतु काठ सरळ उभे कापल्यास पाणीसाठा वाढूनही हा अधिवास नष्ट होतो. म्हणून गाळ मध्यभागातून काढून काठाचा उतार राखणे इष्ट ठरते.

महाविद्यालयांनी दरवर्षी एकाच तलावावर ऑक्टोबरात चतुरांची व जानेवारीत पक्ष्यांची नोंद ठेवल्यास खोलीकरणापूर्वीची व नंतरची स्थिती पुराव्यानिशी मांडता येईल.