फुकटच्या पार्किंगची किंमत कोण मोजतो?

पणजीतील अठरा जून मार्गावर सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिले, तर त्याच त्या मोटारी पुन्हा पुन्हा समोरून जाताना दिसतात. त्यांच्या चालकांना कोठे जायचे नसते. ते मुक्कामी पोहोचलेलेच असतात. शोध चाललेला असतो तो गाडी उभी करण्यापुरत्या जागेचा.

ही भटकंती किरकोळ वाटते; हिशेब मांडल्यावर तिचे गांभीर्य कळते. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने चार मिनिटे जागा शोधली, तर एक किलोमीटर अंतर वाया जाते. वीस जागांच्या रस्त्यावर प्रत्येक जागी दिवसाला दहा गाड्या लागल्या, तर एकूण दोनशे किलोमीटर होतात. म्हणजे पणजीहून मडगावला जाऊन येण्याच्या तीन फेऱ्या. थांबत-रखडत चालणारे इंजिन दर किलोमीटरला अधिक इंधन जाळते आणि अधिक धूर सोडते. तो धूर आधी पोहोचतो फुटपाथवरील विक्रेत्यापर्यंत आणि बसथांब्यावरील प्रवाशापर्यंत.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दुखण्याचे मूळ दाखवले. रस्त्याकडेची जागा फुकट वा अतिस्वस्त असली की ती सकाळीच भरते आणि दिवसभर अडून राहते. त्यांचा उपाय सोपा होता: दर असा ठेवावा की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा सदैव रिकाम्या राहतील. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून मागणीनुसार दर बदलण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्या भागांत जागा शोधण्यात जाणारा वेळ लक्षणीय घटला. जपानने टोकियोसारख्या शहरांत त्याहून कठोर वाट धरली. १९६२ च्या कायद्यानुसार तेथे स्वतःची जागा दाखवल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही.

आपल्याकडेही विचार नवा नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पार्किंग शुल्कात जमिनीचे मोल दिसावे, असे सुचवले होते. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. मात्र विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते सीमित करावे लागले. पणजीतही पे पार्किंग आले. पण शुल्क वसूल करणे म्हणजे धोरण नव्हे. पाटो येथे बहुमजली वाहनतळ आहे. तरीही रस्त्यावरची जागा त्याहून स्वस्त असेल, तर चालक रस्त्यालाच पसंती देणार. म्हणून बाजारपेठेत रस्त्यावरचा दर अधिक आणि वाहनतळाचा कमी, हा क्रम अपरिहार्य ठरतो.

व्यापाऱ्यांना ग्राहक तुटण्याची भीती वाटते. परंतु दुकानापुढील जागा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच कर्मचाऱ्याच्या गाडीने अडवली, तर ग्राहक तसाही फिरकत नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना शहराने १९९३ पासून मीटरचे उत्पन्न त्याच बाजारपेठेच्या फुटपाथ व स्वच्छतेवर खर्च केले, आणि व्यापाऱ्यांचा विरोध मावळला. पैसा कोठे गेला हे लोकांना दिसले, तरच शुल्क पटते.

न्यायाचा प्रश्नही आहे. फोंतेन्हाससारख्या अरुंद वस्तीतील रहिवाशांना सवलतीचे परवाने हवेत. एका मोटारीच्या जागेत चार दुचाकी मावतात, तेव्हा दुचाकीचा दरही त्याच प्रमाणात कमी असावा. आणि म्हापसा, फोंडा, मडगावहून रोज येणाऱ्यांना कदंबची वेळेवर व वारंवार धावणारी बस मिळत नसेल, तर वाढीव दर ही केवळ शिक्षा ठरेल.

पार्किंग धोरणाने धूळ, बांधकामे आणि जुनी डिझेल वाहने यांचे प्रश्न सुटणार नाहीत. पण निरर्थक फेऱ्या थांबवण्याचा याहून स्वस्त मार्ग महापालिकेच्या हाती क्वचितच असेल. सार्वजनिक रस्त्यावरील फुकट जागेचे मोल कोणी ना कोणी चुकवतच असतो. बहुधा ज्याच्यापाशी गाडीच नाही, तो.