क्लबाचे दार

नाशिकची कीर्ती आता केवळ गोदातीरावर अवलंबून राहिलेली नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी या क्षेत्रास उद्योगनगरीचे रूप दिले आणि त्यामागोमाग केवळ सभासदांसाठी उघडणारे क्लबही आले. दिवसभर राबलेल्या माणसास सायंकाळी चार घटका खेळावे, स्नेह्यांशी बोलावे असे वाटले, तर त्यात वावगे काही नाही. क्लब असावेत की नसावेत, हा आमचा प्रश्नच नव्हे. त्यांचे दार कोणासाठी उघडावे, हा आहे.

या बाबतीत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा इतिहास मननीय आहे. मुंबईच्या भायखळा क्लबासारख्या गोऱ्यांच्या संस्थांत देशी माणसास, मग तो कितीही विद्वान वा धनिक असो, सभासदत्व मिळत नसे. अशा काळात, १९०६ साली, बाळकृष्ण नारायण भाजेकर व त्यांचे सहकारी यांनी हा जिमखाना स्थापिला. संस्था पांढरपेशांची खरी. परंतु १९१९ च्या तिच्या वार्षिक शर्यतींत खेड्यांतले शेतकरी अनवाणी धावले. त्यांचा वेग युरोपातील धावपटूंच्या जवळपास पोचतो, हे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी हेरले. त्यांनी गव्हर्नर लॉइड यांचे साहाय्य मिळविले, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानचे सहा खेळाडू उतरले. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. पदक एकही मिळाले नाही. पण ऑलिंपिकच्या मैदानाची वाट या देशास मिळाली.

त्या अनवाणी धावपटूंचे वारस आमच्या जिल्ह्यातही आहेत. हरसूलकडील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणले. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवून आला. पण वल्हे त्याच्या हाती पडले ते सैन्यात गेल्यावर!

येथील क्लबांनी आपली हिरवळ सर्वांस मोकळी करावी, असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून दोन सकाळी कामगारवस्तीतील मुलांस मैदान व एखादा शिक्षक दिला, तरी पुष्कळ झाले. फाटकावर उभ्या असलेल्या रखवालदाराचा मुलगा आत येऊन धावू लागेल, त्या दिवशी त्या क्लबाचे नाव नाशिककर अभिमानाने घेतील.