सुस्थितीचे ऋण

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेल्या फरीदाबादचे नाव निघताच कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आजच्या औद्योगिक फरीदाबादचा पाया निर्वासितांनी घातला आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो लोकांनी 1949 पासून येथे स्वतः राबून घरे आणि रस्ते बांधले. ज्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते, त्यांनी एक नगर उभे केले. मग ज्यांच्यापाशी पुष्कळ आहे, त्यांनी काय उभारावे?

हा प्रश्न विशेषतः सॉफ्टवेअर अभियंत्यांना विचारावासा वाटतो. घर झाले, कर्ज फिटले, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झाली, अशी सुस्थिती त्यांच्यापैकी कित्येकांना चाळिशीच्या आतच लाभते. पुढची वर्षे मात्र पुष्कळदा तेच सोपे काम थोड्या अधिक वेतनावर करण्यात जातात.

कठीण कामाचा एक पत्ता फरीदाबादमध्येच आहे. फरीदाबाद-गुरुग्राम रस्त्यावरील प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रात 2022 मध्ये 'इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर' हे देशाचे जैविक माहितीचे भांडार राष्ट्रास अर्पण झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात वाचलेल्या सुमारे 10 हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती तेथे ठेवली असून, जानेवारी 2025 मध्ये ती संशोधकांना उपलब्ध झाली.

यात सॉफ्टवेअरचा संबंध कोठे येतो? माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरे असतात. प्रचलित यंत्रे ती सलग वाचीत नाहीत. सुमारे 150 अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचतात. एखाद्या पोथीच्या अनेक प्रती फाडून तुकडे एकत्र मिसळावेत आणि त्यांतून मूळ पोथी जुळवावी, तसे हे काम आहे. ते संगणकावाचून होणे नाही. नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेल आजार अवघ्या एका अक्षराच्या बदलातून उद्भवतो. तोच बदल असूनही एकाला यातना अधिक आणि दुसऱ्याला कमी का, याची काही कारणे इतर जनुकांत दडलेली असतात. ती हुडकणे, एवढी माहिती थोड्या जागेत साठविणे आणि व्यक्तीची गुप्तता राखणे, ही सारी कोडी अभियंत्यांचीही आहेत.

अमेरिकेतील जिम केंट यांचे उदाहरण बोलके आहे. संगणकावरील चलच्चित्रांची सॉफ्टवेअरे लिहिण्याचा जम बसलेला व्यवसाय सोडून ते विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थी झाले. 2000 साली मानवी जनुकसंच जुळविण्यात एक खासगी कंपनी सार्वजनिक प्रकल्पाच्या पुढे जाणार, अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा केंट यांनी सुमारे चार आठवड्यांत ते तुकडे जुळविणारी आज्ञावली लिहिली. रात्री मनगटांना बर्फ लावून ते काम करीत. जुळविलेला तो जनुकसंच त्याच वर्षी जुलैत साऱ्या जगाला विनामूल्य खुला झाला.

अशा कामात अपयशाची शक्यता मोठी असते, हे खरेच. परंतु म्हणूनच ते सुस्थित माणसाचे काम आहे. ज्याच्या पगारावर चूल अवलंबून आहे, त्याने जोखीम पत्करावी असे कोण म्हणेल? ज्याची दोन वर्षे वाया गेली तरी घरात कोणी उपाशी राहणार नाही, त्यानेच ती पत्करली पाहिजे. प्रत्येकाने नोकरी सोडावी असेही नाही; एखाद्या संशोधकाच्या जोडीने आठवड्यातील काही तास दिले तरी आरंभ होतो.

येथे कुटुंबाचाही वाटा आहे. "पगार किती वाढला?" या प्रश्नाबरोबर "सध्या कोणते कोडे सोडवतोस?" असेही आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला विचारावे. पत्नीने अथवा पतीने घरचा हिशेब एकत्र मांडून "आपल्याला एवढे पुरेसे आहे" असे म्हणावे. त्या एका वाक्याने जे धैर्य येते, ते वेतनवाढीने येत नाही.