चाकणचं इंजिन आणि आखूड रेसकार

रेसकार लहान करायची तर इंजिन लहान करा, हे म्हणणं ऐकताक्षणी पटतं. फॉर्म्युला वनचा अनुभव मात्र उलटा आहे. 2013 साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली शेवटची ग्रांप्री झाली, तेव्हा गाड्यांत आठ सिलिंडरची 2.4 लिटरची इंजिनं होती आणि चालकासह किमान वजन होतं 642 किलो. पुढच्याच वर्षी सहा सिलिंडरचं 1.6 लिटरचं टर्बो इंजिन आलं. इंजिन घटलं, गाडी फुगत गेली. 2022 मध्ये किमान वजन 798 किलोवर पोहोचलं. बॅटरी, टर्बोचे कूलर, चालकाच्या डोक्यावरचं हेलोचं कडं आणि मोठी चाकं यांनी वाचलेलं सगळं खाऊन टाकलं. शेवटी 2026 साठी नियमालाच कात्री लावावी लागली: पुढच्या-मागच्या चाकांमधलं कमाल अंतर 3600 वरून 3400 मिलिमीटर, रुंदी 2000 वरून 1900. म्हणजे लहान इंजिन फक्त जागा मोकळी करून देतं. ती जागा मोकळीच ठेवायची की भरून टाकायची, हा निर्णय वेगळा असतो.

तो निर्णय नीट घेतलेला पाहायचा, तर अभियांत्रिकी महाविद्यालयांची फॉर्म्युला स्टुडंट गाडी पाहावी. अशा गाड्यांची ‘सुप्रा’ स्पर्धा भारतात 2011 पासून होते. या प्रकारच्या स्पर्धांत इंजिन 710 सीसीपर्यंत चालतं, पण त्याला लागणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यावी लागते. अनेक भारतीय संघ केटीएम 390 मोटरसायकलचं जुन्या पिढीचं इंजिन निवडतात. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेलं हे इंजिन 373 सीसीचं, एकाच सिलिंडरचं. बोअर 89 मिलिमीटर, स्ट्रोक 60. गिअरबॉक्स त्याच खोक्यात असूनही वजन जेमतेम 36 किलो. 600 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साठ किलोच्या आसपास भरतं. पण खरा फायदा या फरकाच्या पुढे सुरू होतो. इंजिन अरुंद, म्हणून मागची चौकट अरुंद. उष्णता कमी, म्हणून रेडिएटर लहान. पेट्रोल कमी, म्हणून टाकीही लहान. मागची चाकं पुढे सरकवता येतात आणि चाकांमधलं अंतर 1525 मिलिमीटरच्या किमान मर्यादेजवळ आणता येतं.

यावर पहिला आक्षेप ताकदीचा, आणि तो खराच आहे. मुळात 43 अश्वशक्तीचं इंजिन सरळ रस्त्यावर चार सिलिंडरपुढे मार खाणारच. पण या स्पर्धांचा मार्ग वळणावळणांचा, सरळ पट्टे आखूड. सुमारे 22 किलोमीटरच्या सहनशक्ती फेरीत सर्वाधिक गुण असतात आणि इंधन किती जळलं तेही मोजलं जातं. तिथे हलकी गाडी उशिरा ब्रेक लावते आणि वळणातून लवकर सुटते. दुसरा आक्षेप जास्त बारकाईचा आहे. एकच सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांतून एकदाच, पण हवेचा जोराचा घोट घेतो, आणि त्या क्षणी 20 मिलिमीटरचं भोक अपुरं पडतं. म्हणून भोक आणि इंजिन यांच्यामध्ये हवेचा साठा करणारी पेटी बसवावी लागते. ती फार मोठी केली तर थ्रॉटल दाबल्यावर इंजिन उशिरा जागं होतं आणि वाचलेली जागाही पुन्हा जाते. इंजिनाने दिलेली सवलत अशी आजूबाजूच्या भागांत गळू शकते. आयआयटी मुंबईच्या संघासारखे संघ विजेकडे वळले, त्यांनाही हा हिशेब चुकलेला नाही: मोटर चिमुकली असते, बॅटरी चिमुकली नसते.

लहान इंजिनाचा आणखी एक फायदा स्पर्धेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्यासारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला चार सिलिंडरचं परदेशी इंजिन उघडून पाहायला क्वचितच मिळेल. एका सिलिंडरच्या मोटरसायकलचं काम मात्र गावच्या गॅरेजात रोज चालतं. ज्याला पिस्टन, वॉल्व्ह आणि टायमिंग चेन हाताने ठाऊक आहे, तो गाडीतला कुठला भाग काढून टाकता येईल हे धिटाईने सांगू शकतो. रेसकार लहान होते ती अशा काढून टाकण्यामुळे. इंजिन त्याला फक्त वाव देतं.