शाईने छापलेले धारित्र

विद्युतघट आणि धारित्र ही दोन्ही विद्युत ऊर्जा साठवणारी साधने, पण त्यांची रीत निराळी. घटातील पदार्थांत रासायनिक बदल घडतात, त्याला वेळ लागतो. महाधारित्रात, म्हणजे सुपरकपॅसिटरमध्ये, द्रवातील आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी गोळा होतात. त्यामुळे ते झटपट भरते आणि हजारो वेळा भरता-रिकामे करता येते. मात्र तेवढ्याच वजनाच्या घटापेक्षा त्यात ऊर्जा कमी मावते. ती वाढवायची तर पृष्ठभाग वाढवायला हवा.

वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी असते. आता त्याचे १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश जाडीचे पापुद्रे काढले अशी कल्पना करा. असे १ कोटी पापुद्रे निघतील. प्रत्येकाच्या दोन बाजूंचे क्षेत्रफळ २ चौ. सेंमी, एकूण २,००० चौ. मीटर. म्हणजे जवळजवळ २० गुंठे!

असे पापुद्रे खरोखर मिळवता येतात. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम व कार्बन यांच्या थरदार संयुगातील अ‍ॅल्युमिनियम हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढून टाकण्यात आले. उरलेल्या पापुद्र्यांना ‘मॅक्सीन’ म्हणतात. ते विजेचे सुवाहक आहेत.

आता छपाईकडे वळू. शाईतील कण तळाशी बसू नयेत म्हणून तिच्यात सहसा बहुवारिके किंवा साबणासारखे पदार्थ मिसळतात. हे बहुधा दुर्वाहक असल्याने छपाईनंतर तापवून घालवावे लागतात, आणि तेवढी उष्णता कागदाला किंवा प्लॅस्टिकला सोसत नाही. मॅक्सीनचे पापुद्रे मात्र पाण्यात ऋणप्रभारित असतात. ते एकमेकांना दूर सारतात, म्हणून मिसळीवाचूनही शाईत पसरून राहतात. याचा लाभ घेऊन डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि ड्रेक्सेल येथील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा शाईने सूक्ष्म महाधारित्रे छापून दाखवली.

छापायचे ते दोन कंगवे: एकाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांमध्ये शिरलेले, पण कुठेही न टेकलेले. मधली फट अरुंद असल्याने आयनांना थोडेच अंतर जावे लागते. वर आम्लयुक्त जेल पसरले की साधन तयार.

अडचणीही आहेत. पाण्यातील मॅक्सीनचे हळूहळू ऑक्सिडीभवन होते, त्यामुळे शाई फार काळ टिकत नाही. शिवाय हायड्रोफ्लुओरिक आम्ल अत्यंत घातक असते. कागदावर छापलेल्या संवेदकाशेजारीच त्याचा ऊर्जासाठाही छापायचा, तर या अडचणी सोडवाव्या लागतील.

कंगव्यांची आकृती फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना विचारावे: छपाईत एकच दाता समोरच्या कंगव्याला टेकला, तर काय होईल?