लांबच्या प्रवासात पेटीतील कोंबड्यांची काळजी

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन व झरी-जामणी तालुक्याच्या इतर गावांत कापूस, तूर व सोयाबीन ही शेतकऱ्यांची मुख्य पिके होत. या पिकांचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. मधल्या काळात मीठमिरची, मुलांच्या वह्या, औषधपाणी अशा वरखर्चास अंगणातील कोंबडी उपयोगी पडते. यास्तव गावरान कोंबड्यांच्या जोडीला सुधारित जातीची पिले पाळण्याकडे अनेक कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, कल असतो.

ही पिले गावातच मिळतील असे नाही. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र नागपूर येथे आहे. तेथून मुकुटबन सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. परसातील पालनाकरिता प्रसिद्ध असलेली वनराज ही जात हैदराबाद येथे विकसित झाली. पैनगंगेपलीकडून, आदिलाबादच्या वाटेने, तिकडील पिले आणावयाची झाल्यास तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास घडतो. म्हणजे पाखरास गावात पाऊल टाकण्यापूर्वी कित्येक तास पेटीत काढावे लागतात.

या तासांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. वाटेत मेलेली पिले डोळ्यांस दिसतात. परंतु प्रवासात उकडून अथवा गारठून निघालेली पिले घरी आल्यावर तीन-चार दिवसांनी एकेक करून दगावतात, तेव्हा दोष जातीस किंवा नशिबास दिला जातो. वास्तविक नुकसान पेटीत झालेले असते. ते टाळण्यास मोठा खर्च लागत नाही. थोडी समज व थोडी आधी केलेली तयारी पुरते.

पेटीत हवा प्रथम, दाणा नंतर

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते व तिला घाम येत नाही. शरीरातील उष्णता ती पंख सैल सोडून बाहेर टाकते आणि फारच उकडू लागले की चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर आतील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर पडतो व शरीर थंड होते. ही क्रिया चालण्यास भोवतालची हवा सतत बदलत राहिली पाहिजे. दाटीने भरलेल्या बंद पेटीत हवा लवकरच दमट होते. मग धाप टाकूनही शरीर थंड होत नाही आणि चांगली धष्टपुष्ट कोंबडी अल्पावधीत मरते. भूक व तहान काही तास सोसता येतात. कोंडलेली उष्ण हवा सोसता येत नाही. पेटीची निवड, पक्ष्यांची संख्या व प्रवासाची वेळ या सर्व गोष्टी याच एका तत्त्वावर ठरवाव्यात.

एक दिवसाची पिले

अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय जगू शकते. म्हणूनच पिले उबवणी केंद्रातून निघाल्याबरोबर पाठविता येतात. तथापि शिदोरी आहे म्हणून विलंब करू नये. पिले जितक्या लवकर घरी पोहोचून पाणी पितील, तितकी ती पुढे जोमाने वाढतात.

पिलांच्या पेटीत पाण्याची वाटी कधीही ठेवू नये. वाटेत धक्के बसून पाणी सांडते, पिलांची लव भिजते व ती गारठतात. पेटीचा तळ गुळगुळीत असल्यास पाय फाकून पिले लंगडी होतात. यास्तव तळाशी खरखरीत कागद, गव्हाचे कोरडे कुटार किंवा भाताचे तूस पसरावे.

पेटीचे माप व पक्ष्यांची संख्या

पक्ष्यांच्या वाहतुकीसंबंधी निश्चित मापे सांगणारे प्रकरण २००१ साली ‘प्राण्यांची वाहतूक नियम, १९७८’ यात जोडण्यात आले. त्यातील उपयुक्त मापे अशी आहेत :

एक दिवसाची पिले : लांबी ६०, रुंदी ४५ व उंची १२ सेंटीमीटर असलेल्या पेटीत ८० पिले.

एक महिन्याची पिले : लांबी ६०, रुंदी ३० व उंची १८ सेंटीमीटर असलेल्या पेटीत २४, प्रत्येकास किमान ७५ चौरस सेंटीमीटर जागा.

तीन महिन्यांचे पक्षी : लांबी ५५, रुंदी ५० व उंची ३५ सेंटीमीटर असलेल्या पेटीत १२, प्रत्येकास किमान २३० चौरस सेंटीमीटर जागा.

मोठ्या कोंबड्या : लांबी ११५, रुंदी ५० व उंची ४५ सेंटीमीटर असलेल्या पेटीत १२, प्रत्येकीस किमान ४८० चौरस सेंटीमीटर जागा.

खेड्यात पेटीऐवजी बांबूचे डालगे वापरतात. डालगे हलके असून त्याच्या विणीतून चोहोबाजूंनी हवा खेळते, म्हणून ते चांगलेच साधन आहे. मात्र त्यात किती पक्षी मावतात हे न पाहता किती सुखाने बसतात हे पाहावे. तळाचा व्यास ६० सेंटीमीटर असल्यास जागा सुमारे २,८०० चौरस सेंटीमीटर होते. वरील मापाने तिच्यात पाच मोठ्या कोंबड्या बसतात. आठवडी बाजारास जाताना त्याच डालग्यात दहा-बारा कोंबड्या कोंबल्या जातात, तेव्हा खालच्या कोंबड्या गुदमरतात हे उघड आहे.

पिलांच्या पेटीस चारही बाजूंनी भोके असावीत व आत आडव्या-उभ्या पट्ट्या घालून चार कप्पे करावेत. गाडीने वळण घेतले की सर्व पिले एका कोपऱ्यात ढकलली जातात व खालची चिरडतात; कप्पे केल्याने हे टळते. पेट्या एकमेकींस चिकटवून ठेवल्यास भोके बुजतात. म्हणून दोन पेट्यांमध्ये लाकडाची पट्टी घालून चार बोटे अंतर ठेवावे. मोठ्या कोंबड्यांच्या पेट्या एकीवर एक रचू नयेत.

पकडणे व भरणे

कोंबड्या पहाटे अंधारात अथवा तिन्हीसांजेनंतर पकडाव्यात. अंधारात त्या शांत असतात, धावपळ होत नाही व पंख मोडत नाहीत. दोन्ही हातांनी पंखांसह अंग धरून कोंबडी उचलावी. पाय बांधून उलटी लटकवीत नेण्याची चाल वाईट आहे. पक्ष्याच्या छातीत व पोटात पडदा नसतो. उलटे टांगले की आतड्यांचा भार फुप्फुसे व वायुकोश यांवर पडतो व श्वास कोंडतो. एका पेटीत एकाच वयाचे पक्षी ठेवावेत. नर व माद्या वेगळ्या भराव्यात. आजारी अथवा मलूल पक्षी मुळीच घेऊ नये, कारण पेटीतील एकाच्या रोगाची बाधा सर्वांस होते. निघण्यापूर्वी मोठ्या कोंबड्यांस दाणा व भरपूर पाणी दिलेले असावे.

वेळ, वारा व थांबे

मोठ्या पक्ष्यांची वाहतूक तापमान २५ अंशांहून अधिक किंवा १५ अंशांहून कमी असताना करू नये, असे उपरोक्त नियमांत सांगितले आहे. वणी-मुकुटबनच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत रात्रीही हवा तापलेली असते. तेव्हा या दोन महिन्यांत पक्षी आणण्याचा बेतच करू नये. इतर वेळी उन्हापूर्वी घरी पोहोचता येईल अशा बेताने निघावे.

चालत्या गाडीत वारा पेटीतून वाहतो. गाडी थांबली की तो बंद पडतो व पेटीतील उष्णता भराभर वाढते. म्हणून खरा धोका चहाच्या थांब्यावर असतो. गाडी उन्हात उभी करून माणसांनी सावलीत बसणे योग्य नव्हे. निंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत गाडी उभी करावी, ताडपत्री वर करावी व पेट्यांना हात लावून पाहावे. उष्ण दिवसांत मोठ्या कोंबड्यांस दर सहा तासांनी पाणी पाजावे.

कोरड्या हवेत वाऱ्याच्या बाजूस ओले तरट टांगल्यास वाळ्याच्या ताट्याप्रमाणे आत गारवा येतो. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने हा उपाय चालत नाही; तेव्हा पक्ष्यांची संख्या आणखी कमी करावी. हिवाळ्यात मोटारसायकलवर अथवा उघड्या गाडीत पिलांस थेट वारा लागतो. अशा वेळी पुढील बाजू पोत्याने झाकून मागील बाजू मोकळी सोडावी. चोहोबाजूंनी पोते गुंडाळू नये.

पिलांची भाषा ओळखावी. ती पसरून मंद आवाज करीत बसली असतील तर सर्व ठीक आहे. एकमेकांवर चढून मोठ्याने चिवचिवत असतील तर ती गारठली आहेत. चोची उघडून, पंख पसरून एकमेकांपासून दूर होत असतील तर ती उकडली आहेत.

घरी आल्यानंतर

पिले येण्याच्या आदल्या दिवशीच उबदार जागा तयार ठेवावी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश ऊब असावी. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करावी. पेटीतून काढताना प्रत्येक पिलाची चोच कोमट गूळपाण्यात हलकेच बुडवावी, म्हणजे ते पिण्यास शिकते. पाणी पिऊन झाल्यावर दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून द्यावा.

बाहेरून आणलेल्या मोठ्या कोंबड्या दोन ते तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात. मानमोडीसारखा रोग अशाच मार्गाने गावात शिरतो. कागदी पेट्या जाळून टाकाव्यात. डालगे व लाकडी पेट्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. लसीकरणाविषयी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

घरचे कुत्रे व मांजर

राखणीचे कुत्रे किंवा मांजर परगावी न्यावयाचे असल्यास हेच तत्त्व लागू पडते, कारण कुत्र्यासही उष्णता मुख्यत्वे धापेवाटेच बाहेर टाकावी लागते. त्यास उभे राहता, वळता व पाय पसरून निजता येईल एवढी हवेशीर पेटी घ्यावी. ती आठ-दहा दिवस आधी अंगणात उघडी ठेवून त्यातच अन्न द्यावे, म्हणजे प्राणी तिला भीत नाही. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर अन्न देऊ नये. पाणी मात्र द्यावे. तोंड घट्ट बांधू नये व बंद गाडीत त्यास एकटे सोडू नये.

ग्रामसेवक व पशुसंवर्धनाचे कार्यकर्ते यांनी पिलांची मागणी नोंदवितानाच पेटी, वेळ व घरची ऊब यांची विचारपूस करावी. पिले आणण्यास जाणाऱ्याने सोबत मोजपट्टी, एक तरट, पाण्याची कॅन व थोडा गूळ घ्यावा. एवढ्या सामानावर पेटीतील सर्व पिले घरापर्यंत सुखरूप येऊ शकतात.