सातबाऱ्याच्या पानाची घडण

उमरेड तालुक्यातील शेतकऱ्याला आपला सातबारा, म्हणजे जमिनीचा धारक आणि तिच्यावरील पिके यांची नोंद असलेला उतारा, महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर पाहायचा असतो, तेव्हा नागपूर जिल्हा, तालुका, गाव अशा उतरत्या क्रमाने निवड करून त्याला शेवटी गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव द्यावे लागते. ही रचना कंटाळवाणी वाटली तरी अशा पायऱ्यांमागे हिशेब असतो. युनिकोड या जागतिक वर्णसंकेताच्या यूटीएफ-8 या प्रचलित रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट व्यापते, तर साधे रोमन अक्षर एकच. राज्यातील 40 हजारांहून अधिक गावांची नावे, सरासरी आठ चिन्हांची धरली तरी, एकदम पाठवताना जवळपास 10 लाख बाइट होतात. मजकूर आकुंचित करून पाठवला तर हा भार बराच घटतो. तरीही एका गावासाठी साऱ्या राज्याची यादी मोबाइलवर उतरवणे ही उधळपट्टीच. उलट प्रत्येक पायरीला सर्व्हरकडे फेरी मारली, तर रेंज कमी असताना दर निवडीनंतर ताटकळावे लागते. निवडलेल्या तालुक्याचीच गावे आणून फोनमध्ये साठवणे हा मधला मार्ग आहे, मात्र नवे महसुली गाव झाले की ती यादी शिळी होते.

फॉन्टचेही तसेच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या लागतात, म्हणून फोनमधला फॉन्ट वापरणे हलके पडते. त्या बदल्यात पानाचे रूप फोनागणिक बदलते.

खरी गुंतागुंत नावाने शोधण्यात आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या नावातले किंवा वऱ्हाडे, कुऱ्हाडे या आडनावांतले 'ऱ्ह' दोन प्रकारे टंकता येते: 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलंत, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, जोडून, किंवा साधा 'र', हलंत आणि जोडणीचे एक अदृश्य चिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही त्यांना एक मानत नाहीत. दोन्ही रूपे एकच धरण्याचा नियम पान घडवणाऱ्यालाच लिहावा लागतो. जुळणी काटेकोर ठेवली तर असलेली नोंद सापडत नाही, आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही सोडला तर परकी नावे यादीत शिरतात. यादीतले जास्तीचे नाव शेतकरी स्वतः ओळखून वगळू शकतो, न दिसलेले नाव मात्र त्याच्या हाती येत नाही. त्यामुळे शोधाची जुळणी सैल आणि नोंदीतील अक्षर जसेच्या तसे ठेवणे, हीच निवड अधिक योग्य ठरते.